एकाच वाऱ्याची माणसं

खेकडे डोंगराकडे निघाले होते, आणि आमच्या घरची झाडून सगळी माणसं समुद्राकडे तोंड करून भांडत होती.

मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण हा दिवस आमच्या घरात इतक्या तोंडांनी सांगितला गेलाय, आणि प्रत्येक तोंडानं तो आपल्या बाजूला इतका ओढलाय, की आता मला तो सगळ्यांच्याच डोळ्यांनी दिसतो. त्यातल्या त्यात माझा विश्वास आईवर. भांडणात तिला काडीचाही रस नव्हता. तिला खेकड्यांत रस होता.

माझी आई, इस्मे, नाव पाण्यात उतरवायच्या सोहळ्यासाठी त्रिनिदादहून आली होती. तिथं बंदरावरच्या एका खाणावळीत ती वाढपी होती, आणि ताटं वाढता वाढता खलाशांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आताही ती किनाऱ्यावर उकिडवी बसून, चिखल सोडून वर चाललेले खेकडे बघत होती.

"पपा, हे वर का चाललेत?"

"त्यांनाच विचार," आजोबा म्हणाले.

"आणि ह्या लाटा? झाडाचं पान हलत नाहीये. मग लाटांना ढकलतंय कोण?"

आजोबा नावेचे टेकू तपासायला वळले. माझे हे आजोबा, थिओफिलस लेंडोर, म्हणजे विंडवर्ड गावचे नाव बांधणारे. कारिआकू बेटावरची निम्मी गलबतं त्यांच्या हातची. त्या सकाळी त्यांची शेवटची नाव वाळूत टेकूंवर उभी होती. डोलकाठी अजून चढायची होती, आणि नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, नावाची पाटी रिवाजाप्रमाणे फडक्याखाली झाकलेली होती. जेवणाची भांडी चुलीवर, बोकड खुंट्याला. नव्हता तो फक्त पाद्री. ग्रेनाडाहून त्याला आणणारं गलबत आलंच नव्हतं.

"पाद्री आला की उतरवू," आजोबा म्हणाले. "आज नाही तर उद्या."

"तांती," मागून आवाज आला, "तुझ्या भावाला सांग, उद्यापर्यंत उतरवायला नावच राहायची नाही."

हा माझा थोरला मामा, उरायस. आणि तांती म्हणजे आजोबांची बहीण क्लेमेन्स. सख्ख्यांची असो की परक्यांची, सगळ्या गावाची ती तांतीच.

"मी काय तार ऑफिस उघडलंय?" तांती फणकारली. "बाप समोर उभा आहे तुझा. दे की निरोप तूच."

पण निरोप असाच जायचा. काही वर्षांपूर्वी, पौर्णिमेच्या चांदण्यात, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर असताना, उरायसमामानं आजोबांचं आधीचं गलबत खडकावर घातलं होतं. माणसं पोहत आली, विकायला चाललेली मेंढरं सगळी बुडाली. मामाला सुकाणूवर झोप लागली होती. त्यानं ते लपवलं नाही, किनाऱ्याला लागल्या लागल्या सांगून टाकलं. त्या दिवसापासून आजोबा त्याच्याशी बोलले नाहीत. घर एक, चूल एक, आणि बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. नवी नाव बांधायला घेतली तेव्हा आजोबांनी चर्चच्या पायरीवर, चारचौघांत सांगितलं, की हिचा कॅप्टन कथबर्ट.

"कथबर्ट," आजोबा आताही धाकट्यालाच म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, माझ्या उभ्या जन्मात ह्या बेटावर वादळ आलेलं नाही. वादळं आपल्या वरून जातात, उत्तरेकडून. आपण त्यांच्या वाटेत नाही."

"उरायस, पपा म्हणतात की..."

"ऐकलं. बहिरा नाही मी. त्यांना सांग, वादळ वाट विचारून येत नाही."

आता आमच्याकडच्या वाऱ्याचं सांगायला हवं. आमच्याकडे वारा एकच, पूर्वेचा. बारा महिने तेरा काळ तोच. त्याच्यामुळं आमची झाडं पश्चिमेला झुकलेली, घरांची दारं पश्चिमेला, आणि म्हाताऱ्यासुद्धा तंबाखू थुंकायच्या त्या पश्चिमेला तोंड करूनच. वाऱ्याला तोंड बदलता येतं हे आमच्या लोकांना ऐकून ठाऊक होतं, पण ते असं, जसा बर्फ ऐकून ठाऊक असतो. त्या सकाळी हा वारा पडला होता. घरातला रोजचा आवाज अचानक बंद व्हावा तसं सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, आणि म्हणूनच बहुधा सगळे मोठमोठ्यानं बोलत होते.

"पाद्र्याशिवाय नाव उतरवायची?" कथबर्टमामाची बायको मर्ल म्हणाली. कॅप्टनची बायको म्हणून मिरवायला तिनं नवी पांढरी टोपी घातली होती. "लोक काय म्हणतील?"

"लोक आज स्वतःचं छप्पर धरून बसतील, बाई," तांती म्हणाली. "तुझ्या टोपीकडं बघायला वेळ नाही कुणाला. थिओ, नावेची धर्ममाता कोण? मी. मग दे ती बाटली इकडं."

"बाप्तिस्मा झाल्याशिवाय मी तिला पाण्यात सोडणार नाही," आजोबा म्हणाले.

तेवढ्यात त्या बिनवाऱ्याच्या लाटांतली एक, कुणालाही न विचारता, थेट टेकूंपर्यंत चढून आली. नावेखाली सरकवायला मांडून ठेवलेला एक ओंडका तिनं अलगद उचलला आणि घेऊन गेली. आजोबा त्या ओंडक्याकडं बघत राहिले. लाट पुन्हा आली तेव्हा त्यांचे घोटे भिजले.

"कुऱ्हाडी आणा," ते म्हणाले.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. तांतीनं जॅक आयर्न ओतली, इतकी कडक दारू की जमिनीतल्या पितरांनाही ठसका लागावा. बोकडाचं रक्त नाळेवर शिंपडलं गेलं. एका बाजूच्या टेकूंवर कुऱ्हाडी पडल्या, नाव कुशीवर कलली, आणि गावानं दोर ओढायला सुरुवात केली. त्याच वेळी आजोबांनी पाटीवरचं फडकं काढलं. पाटीवर लिहिलं होतं 'एस्टिना'.

एस्टिना म्हणजे माझी आजी. मामांची, आईची आई.

दोराला उरायसमामाही होता. त्यानं पाटी वाचली आणि त्याच्या हातातून दोर सुटला. पुढच्याच क्षणी त्यानं तो पुन्हा धरला. आजोबांनी हे पाहिलं की नाही, ते मात्र आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

*

विंडवर्डच्या पलीकडं खारफुटीची खाडी आहे, तिथं वल्ह्यांच्या होड्यांनी ओढत नाव नेली. गावातली इतरही गलबतं येऊन लागली होती. एव्हाना वारा सुटला होता, तोही उत्तरेचा, थंड, अनोळखी. मग साहजिकच सगळ्यांनी आपापले दोर उत्तरेकडच्या खारफुटीला बांधले. जिकडून मार येतोय तिकडंच माणूस हात आडवा धरतो.

"कथबर्ट, पपांना सांग," उरायसमामा कंबरभर पाण्यातून ओरडला, "वरच्या बेटांवर लोक वादळाआधी होड्या बुडवून ठेवतात. आत दगड भरायचे, भोकं पाडायची, चिखलावर बसवायची. वाऱ्याला धरायला काही उरतच नाही. नंतर बुचं मारून वर काढायची. हिलाही बुडवू."

कथबर्टला काही सांगावं लागलं नाही.

"त्याला सांग," आजोबांचा आवाज चिरकला, "एक बुडवून त्याचं पोट भरलं नाही का! त्याच्या आईचं नाव आहे तिच्यावर. तासभर तरंगली नाही अजून माझी पोर, आणि हा बुडवायला निघालाय!"

शेवटी कथबर्टनंच मधली वाट काढली: दगड तेवढे भरायचे, म्हणजे नाव जड होईल, भोकं नकोत. दगड भरले गेले.

कथबर्टमामाच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते त्यानं फार उशिरा सांगितलं. दगड देता देता तो मनात म्हणत होता, देवा, हिचं काही वाईट होऊ देऊ नकोस, पण मला हिचा कॅप्टनही करू नकोस. कारण माझा हा मामा, बोटं लाकडावरून फिरवून गाठ कुठं आहे ते सांगणारा माणूस, नाव खडकांच्या रांगेबाहेर पडली की ओकायचा. बापाला सांगायची हिंमत नव्हती, आणि बायकोनं तर टोपीही घेतलेली होती.

*

तांतीचं घर खाडीच्या काठावर, खालचा मजला दगडी. सगळे तिथं जमले. सोहळ्याचं जेवण भांड्यांसकट आणलं होतं. बोकडाचं मटण, तूरडाळीचा भात, मक्याच्या पिठाचं घट्ट कूकू. खोलीच्या कोपऱ्यातल्या मेजावर पांढऱ्या कापडावर पितरांचं ताट मांडलेलं होतं. त्याला कुणी हात लावायचा नव्हता. बाहेर उत्तरेचा वारा असा सुटला होता की शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागे.

आई दाराच्या फटीशी उभी होती. मग ती सगळ्यांच्या देखत वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि तिनं डावा हात लांब केला.

"हिला काय झालं?" मर्लनं विचारलं.

"वाऱ्याकडं पाठ केली की डाव्या हाताला वादळाचं पोट असतं," आई म्हणाली. "वारा उत्तरेचा. माझा हात पूर्वेला. म्हणजे ते तिकडं आहे."

"कुणी शिकवलं हे?"

"बार्बाडोसचा एक खलाशी जेवायला यायचा."

"जेवायला यायचा की शिकवायला?"

"दोन्ही. फुकट कुणी जास्तीचं वाढतं का?"

तो खलाशी पुढं माझा बाप झाला, पण ते प्रकरण वेगळं.

तांतीला मात्र गंमत वाटली. ती ताट घेऊन आईच्या जवळ सरकली. "अगं, पण हे येतं कुठून? एवढा वारा कुणी साठवून ठेवलेला असतो?"

आणि आई खुलली. तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटत होती ती नुसती उत्सुकता, आणि त्याची तिला जराही लाज नव्हती.

"आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर आधी नुसता ढगांचा पुंजका निघतो, तांती. असे कितीतरी निघतात आणि वाटेत विरून जातात. एखाद्याला ऐन उन्हाळ्यात तापलेला समुद्र भेटतो. मग तो समुद्र पीत सुटतो. गरम वाफ वर, खालची हवा आत. आत धावता धावता ती वळते, आणि सगळं स्वतःभोवती फिरायला लागतं. जितकं फिरेल तितकं पितं, आणि जितकं पिईल तितकं जोरात फिरतं."

"म्हणजे अंगावरचं दूध पिऊन बाळसं धरतं."

"तसंच."

"आणि गिनीच्या किनाऱ्यावरून निघतं म्हणतेस? मग आपल्याच गावचं की! आमची आजी कोरोमांटी, त्याच किनाऱ्यावरची. तिलाही ह्याच वाटेनं आणलं, साखळीत." तांतीनं मेजावरच्या ताटाकडं पाहिलं. "ताट मांडलंय ते बरंच झालं. आणि मरतं कुठं गं ते?"

"जमिनीवर. पाणी तुटलं की जीव जातो त्याचा. नाहीतर थंड समुद्रात."

"आपण जमीन नाही का मग?"

"आपण ठिपका आहोत, तांती. आपल्याला ते ओलांडून जाईल, त्याला कळणारही नाही."

आजोबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ते वारा ऐकत नव्हते. वाऱ्याच्या खालून दोरांचा करकर आवाज येतो का, तो ऐकत होते. एवढ्या गोंगाटात तो यायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं, तरी ऐकत होते.

आईनं पुन्हा हात लांब केला. "पपा," ती जरा हळू म्हणाली, "मघाशीही हात इकडंच होता. वारा वाढतोय, पण सरकत नाहीये."

"मग?"

"बाजूनं जात असतं तर वारा फिरत गेला असता. फिरत नाही. ते सरळ आपल्यावर येतंय."

उरायसमामा उठून उभा राहिला. त्यानं बापाकडं पाहिलं, बाप डोळे मिटूनच होता. मामा परत खाली बसला.

*

मग वारा थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. कानांत दडे बसले. दार उघडलं तर बाहेर ऊन. डोक्यावर विहिरीच्या तळातून दिसावा तसा निळ्या आभाळाचा गोल, आणि भोवताली चहूकडं उंचच उंच ढगांची भिंत. अंगणात दमलेले समुद्रपक्षी पडले होते, माणूस जवळ गेला तरी उडत नव्हते. आई एकाला उचलून त्याच्या पंखाखाली बघत होती.

गाव बाहेर आलं. कुणीतरी स्तोत्र म्हणायला लागलं, आणि माणसं रडत रडत एकमेकांना मिठ्या मारू लागली. संपलं, वाचलो. आजोबा तरुणासारखे खाडीकडं धावले. नाव तरंगत होती. एकही दोर तुटला नव्हता. त्यांनी पाण्यात उतरून तिच्या अंगावर थाप मारली आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"कथबर्ट, सांग त्याला! बुडवणार होता! बघ म्हणावं!"

आईनं पक्षी खाली ठेवला. ती वर आभाळाच्या गोलाकडं बघत होती आणि बोटानं हवेत चकरा काढत होती. मग ती चिखलात बसली, एक वर्तुळ ओढलं आणि ओरडली, "थांबा! गाणं थांबवा! पपा, संपलेलं नाही. आपण त्याच्या मधोमध आहोत."

"कशाच्या?"

"हे चाक आहे. मघाशी त्याची ही पश्चिमेची कड आपल्यावरून गेली. ती कड वरून खाली फिरते, म्हणून वारा उत्तरेचा. मधे आस, तिथं काही नाही, तिथं आपण उभे आहोत. आता पलीकडची कड यायची. ती खालून वर फिरते." तिनं बोट चिखलातून ओढत नेलं. "आता वारा दक्षिणेचा येणार. तसाच. एकदम."

स्तोत्र विरत गेलं. हळूहळू एकेकाची मान नावांकडं वळली. सगळे दोर, सगळ्या गावाचे सगळे दोर, उत्तरेला होते. दक्षिणेच्या बाजूला एकही नव्हता. दक्षिणेचा वारा आमच्यात कुणी कधी पाहिलाच नव्हता, तर त्याच्यासाठी दोर कोण बांधणार? दक्षिणेला नुसता उघडा चिखल. आणि उत्तरेला, खारफुटीच्या मागं, खडक. दक्षिणेचा वारा नावांना उचलून त्याच खडकावर आपटणार होता.

माणसं आपापल्या गलबतांकडं पळाली.

"दोर उरलेले नाहीत," उरायसमामा म्हणाला. ह्या वेळी त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही, सरळ बापाच्या पाठीला सांगितलं. "असते तरी दक्षिणेला बांधायला झाड नाही. दगड आत आहेतच. बुडवू या, पपा."

"नाही," तांती म्हणाली. सकाळी त्याची बाजू घेणारी तांतीच आता आडवी आली. "सकाळी मी तिच्या तोंडाला दारू लावली, आणि दुपारी बुडवू? एस्टिना माझी मैत्रीण होती. माझ्या हातांनी मी तिला माती दिलीय. दुसऱ्यांदा नाही."

"तांती, ती लाकडाची आहे," उरायसमामा म्हणाला.

"तू गप्प बस! तू कशाला बोलतोस!"

"पपा, बुडवू या," कथबर्ट म्हणाला.

मर्ल त्याच्याकडं बघतच राहिली. "अहो! तुमची नाव आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय. माझी असेल तर माझं ऐका. उरायसला समुद्र कळतो, मला नाही कळत. बुडवा."

आजोबा उभे होते, हात अजून नावेच्या अंगावर. त्या फळीचं झाड त्यांनी स्वतः निवडलं होतं. त्यासाठी किती झाडं नाकारली होती, हे सगळं घर जाणत होतं. पूर्वेकडची ढगांची भिंत जवळ आली होती, आणि तिच्या पायाशी समुद्र पांढरा दिसत होता. आजोबा नावेत चढले. हत्यारांच्या पेटीतून त्यांनी गिरमिट काढलं. मग मान वर करून ते म्हणाले,

"उरायस. कुठं पाडू?"

मामा नावेची कड धरून आत वाकला. "एक नाळेजवळ. एक मागं. एक मधे, कण्याच्या बाजूला. सरळ पाडा, पपा. तिरपी नकोत. नंतर बुचं बसायला हवीत."

"मला शिकवतोस का भोक पाडायला," आजोबा पुटपुटले आणि गिरमिट फिरवायला लागले.

आत पाणी आलं, पण हळू येत होतं, आणि वेळ नव्हता. मग तांतीच मटणाचं पातेलं घेऊन पाण्यात उतरली. शिव्या देत, रडत, तिनं पातेलं भरलं आणि नावेत ओतलं. तिच्यामागं मर्ल, मग आई, मग शेजारपाजारचे. ज्यांनी आयुष्यभर नावेतून पाणी बाहेर काढलं, ती माणसं आज नावेत पाणी भरत होती. मर्लच्या पांढऱ्या टोपीतूनही पाणी गेलं, हे ती स्वतः सांगते, अभिमानानं. नाव एकदा डुलली, मग बसली, आणि चिखलावर टेकली. वर फक्त नाळेचं टोक राहिलं.

तेव्हा दक्षिणेकडून आवाज आला. आई म्हणते, त्या आवाजाला उपमा नाही. तिनं ती शोधलीही नाही, कारण सगळे धावत होते.

*

दक्षिणेचा वारा उत्तरेच्यापेक्षा वाईट होता. तांतीचं छप्पर पहिल्याच तडाख्यात गेलं आणि त्याच्याबरोबर पितरांचं ताट, मेजासकट, भिंतीवरून उडून गेलं.

"नेलं," तांती पावसात ओरडली. "जेवायला बसले एकदाचे!"

घरात कुणी मेलं नाही. गावात दोघे गेले: एक म्हातारी भिंतीखाली, आणि एक जण आपलं गलबत धरून बसला होता तो. आई दिवसभर त्या वादळाकडं नवलानं बघत आली होती, पण त्या माणसाचं नाव घेताना ती अजूनही थांबते.

संध्याकाळपर्यंत ते निघून गेलं, पश्चिमेला. पुढं कुठल्याशा डोंगरांवर चढून मेलं म्हणे. आईनं तो शेवटही नंतर खलाशांकडून शोधून काढला. त्याचा जन्म आणि मरण दोन्ही तिला ठाऊक व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर एकही हिरवं पान नव्हतं. नेहमी पश्चिमेला झुकलेली झाडं कुणी भांडून मान फिरवल्यासारखी उत्तरेला झुकली होती. चर्चचं छप्पर मक्याच्या शेतात, आणि मका कुठंच नाही. एक गलबत कबरस्तानात आडवं पडलं होतं, दोन रस्त्यावर, आणि बाकीची खडकाखाली, सरपण होऊन. खाडीचं पाणी गढूळ, त्यावर फांद्यांचा खच. घरातले सगळे काठावर उभे राहिले. आजोबा आत उतरले, पायानं चाचपत गेले, आणि छातीभर पाण्यात थांबले. मग त्यांनी तळपाय हलवला, एकदा, दोनदा.

"आहे," ते म्हणाले. "फळी न फळी आहे."

उरायसमामा केव्हाच पाण्यात शिरला होता. तो बुडी मारून भोकं शोधत होता. आजोबा वर आले, दगडावर बसले आणि चाकूनं बुचं तासायला लागले. कथबर्टमामा त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"पपा, एक सांगू? मी कॅप्टन नाही होऊ शकत. मला समुद्र लागतो. खडकांच्या पुढं गेलो की ओकतो मी."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दहा वर्षांचा होतास तेव्हापासून ओकतोयस. माझ्याच पायावर ओकलायस."

मर्लनं तोंडावर हात ठेवला. कथबर्टमामाला हसावं की रडावं कळेना. "मग माझं नाव का घेतलंत? चर्चच्या पायरीवर, सगळ्यांसमोर?"

आजोबांचा चाकू थांबला नाही. उरायसमामा नाळेपाशी पाण्याबाहेर आला होता आणि श्वास घेत उभा होता.

"त्याला ऐकू जावं म्हणून," आजोबा म्हणाले. "वाटलं, येईल भांडायला. म्हणेल, ही नाव माझी आहे. मी रोज वाट बघितली." त्यांनी बुचाला फुंकर मारली. "आला का?"

उरायसमामा पाणी तोडत दगडापर्यंत आला. त्याच्या केसांतून चिखल गळत होता. त्यानं बापासमोर ओला हात पुढं केला.

"पपा, बूच द्या," तो म्हणाला. "नाव माझी आहे."